सात साखरांची बांगडी

अमरावती
२० ऑगस्ट २००६

आदरणीय खुशालकाका,

आदाब आणि नमस्कार.

विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली. सोबत धारणीची एक मुलगी आहे. ती कोरकू गाणी म्हणत कपडे धुते, त्यामुळे करमून जातं. पीएचडीची नोंदणी परवा झाली. पहिलं पत्र तुम्हालाच लिहिते आहे. अब्बांना फोन केला होता, पण तुम्हाला फोन करून काय उपयोग?

खरं तर मला पत्रच आवडतं. लहानपणी तुमच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. चुकलं की तुम्ही पाटी परत द्यायचा. ‘आंधी वेलांटी नीट कर, मंग बोलू.’ घरी आम्ही उर्दू बोलणारे. माझं मराठी सगळं समोरच्या ओट्यावर, तुमच्या घरी झालं. तुम्हाला टायफॉइडनं बहिरं केलं याचं घरात सगळ्यांना वाईट वाटायचं, पण मला तर त्यातून एक भाषा मिळाली. असं लिहिणं चांगलं दिसत नसेल तर माफ करा.

निघताना अम्मीनं एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. अब्बा ‘एवढं शिकून पुरे’ म्हणत होते तेव्हा तुम्ही आमच्या गादीच्या दुकानात जाऊन बसलात आणि म्हणालात, ‘रहीमभाई, मी कापूस पिकवतो, तू तो पिंजून गाद्या भरतो. दोघायचाबी जलम कापसात गेला. पोरीले दुसरं काही पाहू दे.’ अब्बांनी त्यावर उठून चहा सांगितला म्हणे. त्या चहाबद्दल मी तुमची ऋणी आहे.

मी काय करणार आहे ते थोडक्यात सांगते. मक्याच्या स्टार्चमध्ये साखरेचे रेणू साखळीसारखे जोडलेले असतात. काही जिवाणूंकडून मिळणारं एक द्रव्य त्या साखळीचा तुकडा तोडतं आणि त्याची दोन टोकं जोडून गोल करून टाकतं. माझं काम सात साखरांच्या गोलावर आहे. त्याचं नाव सायक्लोडेक्स्ट्रिन, पण आम्ही प्रयोगशाळेत बांगडीच म्हणतो. बाहेरच्या बाजूनं ही बांगडी पाण्याशी मिळूनमिसळून राहते आणि आतल्या बाजूनं पाण्याला टाळते. म्हणून पाण्याशी न जमणारी एखादी वस्तू तिच्या पोटात जाऊन बसते. कडू औषध असं बसलं तर जिभेला कमी कडू लागतं. लहान मुलांच्या एका औषधावर मी हे करून पाहणार आहे.

माझ्या मार्गदर्शक सत्यवती मॅडम. रागीट आहेत, पण रोज स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्या पोळीवर वाढतात.

काकूंच्या तसबिरीला माझा नमस्कार. गोपालभाऊ आणि जमुनावहिनींना सलाम.

तुमची,
अमरीन


बार्शीटाकळी
६ सप्टेंबर २००६

बेटा अमरीन,

आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. मी ओट्यावर बसून वाचलं. जमुना म्हणे मोठ्यानं वाचा, आमालेबी आयकू द्या. म्हणून पुन्हा वाचलं. आता माह्या आवाजाचं मले काय समजते? तिकडून तुहा बाप पिंजाईची मशीन बंद करून हासत हासत आला. म्हणजे त्याले दुकानात सारं आयकू गेलं, चहाचंबी. मंग आमी दोघंबी लाजलो.

चहा त्यानं पाजला, मी पेलो. ऋण कायचं त्याच्यात?

आमच्या सूनबाईचा प्रश्न हाये का ते बांगडी गोड लागते का? अन् आमच्या पोराचा, गोपालचाबी प्रश्न हाये. तो म्हणते, फवारणीचं औषध पाण्यात टाकलं का पाणी दुधासारखं होते. ते तेल हाये तर पाण्यावर तरंगाले पायजे, मंग दूध कसं होते? तेबी बांगडीतच जाते का? मी म्हटलं थांब, आपल्या घरचं माणूस हाये तिथी, विचारून घेऊ.

कपाशी बरी हाये. तब्येत सांभाळ. मॅडमची भाजी खात जाय, लाजू नको.

खुशालराव


अमरावती
१५ ऑक्टोबर २००६

आदरणीय काका,

जमुनावहिनींना सांगा, बांगडी किंचित गोड लागते. चहात टाकण्याइतकी नाही.

गोपालभाऊंचा प्रश्न मी मॅडमना सांगितला. त्या म्हणाल्या, ‘हा माणूस माझ्या वर्गात हवा होता.’ ते दूध बांगडीनं होत नाही. औषधाच्या बाटलीत साबणाच्या जातीचं द्रव्य मिसळलेलं असतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात पडताच ते सारे रेणू तेलाच्या बारीक थेंबाभोवती गोळा होतात, तेलाकडचं टोक आत आणि पाण्याकडचं बाहेर. त्यांना कुणी रांगेत उभं करत नाही. आपलेआपण तसे उभे राहतात. त्या असंख्य थेंबांमुळे पाणी पांढरं दिसतं. आमच्या विषयात याला स्वयंरचना म्हणतात आणि मला त्याचं फार नवल वाटतं.

म्हणूनच एक सांगायचं आहे. असलं तेलकट औषध अंगावर सांडलं तर नुसत्या पाण्यानं निघत नाही, कातडीवर बसून राहतं आणि आत जात राहतं. कपडे काढून साबण लावूनच धुवायला हवं. गोपालभाऊ फवारणी करून येतात आणि हातपाय ओले करून जेवायला बसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. वहिनी, तुम्ही रागवा त्यांना.

माझं काम छान चाललं आहे.

तुमची,
अमरीन


अकोला
१७ सप्टेंबर २००७

बेटा अमरीन,

आशीर्वाद. बरेच दिवस पत्र नाही टाकलं. कामात होतो. आता थोड्या कामानं अकोल्याले आलो हावो. इथी बसल्याबसल्या एक विचाराचं होतं. फवारणीचं इष तुह्या बांगडीत बसते का? बसलं तर मंग ते बाहेर येते, का आतच राह्यते? सवड भेटली का सांग. घाई नाही.

रोजे पकडून राह्यली असशील. सांजच्याले नीट खात जाय.

खुशालराव


अमरावती
२२ सप्टेंबर २००७

आदरणीय काका,

तुमचा प्रश्न वाचून इतका आनंद झाला! हो, बसतं. सगळी नाहीत, पण काही कीटकनाशकांचे रेणू बांगडीच्या पोटात बरोबर मावतात. यावर शोधनिबंध छापून आले आहेत. आत बसलेलं विष कमी घातक होतं, असंही काहींनी काचेच्या भांड्यात दाखवलं आहे. तुम्ही एकदम आमच्या विषयाच्या गाभ्यालाच हात घातलात. अकोल्याला कानाचं मशीन बघायला गेलात ना? अब्बांचाही फोन लागत नाही, तेही तुमच्या सोबत असणार. दोघं मिळून अकोल्यात मजा करताय आणि मला सांगत नाही.

तुम्ही इतक्या मनापासून विचारता, तर मला खोटं बोलवत नाही, काका. माझं काम छान चाललेलं नाही. मागच्या पत्रात ‘छान’ लिहिलं, तेव्हाही चाललेलं नव्हतं. औषध बांगडीत किती बसलं ते मी द्रावणातून प्रकाश सोडून मोजते. त्यासाठी द्रावण नितळ हवं. माझं रात्रभर ठेवलं की गढूळ होतं. मॅडम म्हणतात, जंतू पडले, भांडी नीट धुतली नसतील, फेकून दे आणि पुन्हा कर. मी भांडी इतकी घासली की बोटांची साल गेली. गाळून घेतलं तर एक दिवस नितळ राहतं आणि पुन्हा गढूळ. बरोबरीची मुलं निबंध लिहायला लागली, मी अजून भांडीच घासते आहे.

शेगावच्या मामीनं एक स्थळ आणलं आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच. ईदला घरी येईन आणि बहुतेक परत येणार नाही. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही रागवाल म्हणून तुम्हाला आधी सांगते आहे.

तुमची,
अमरीन


बार्शीटाकळी
३ ऑक्टोबर २००७

अमरीन,

मी जमुना लिवून राह्यली. माह्यं अक्षर पाहून हासू नको. मामाजीनं, म्हणजे तुह्या काकानं, तुले काही सांगतलं नाही अन् मलेबी सांगू देत नव्हते. म्हणत, पोरीचं ध्यान तिकडं असू दे. पण तुह्यं पत्र आलं ते मी वाचलं. तू कानाच्या मशीनचं लिवलं तवा मले राहावलं नाही.

कानाचं काही नव्हतं. तुह्या गोपालभाऊले इषबाधा झालती.

पाठीवरचा फवारणीचा पंप गळत होता. पाठ सारी ओली झाली तरी ते फवारतच राह्यले, म्हणे कपाशीच्या एवढ्या ओळी होऊ दे. दुपारी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन बसले. तोंडातून लाळ, घामच घाम, डोये बारीक झालेले. मले म्हणे, ‘जमुने, दोन दोन दिसून राह्यली तू.’ अन् उलटी केली. मी बोंबलली तसे बाजूच्या वावरातले महादेवराव आले. त्यायनं जीप आणाले पोरगं पिटायलं. जीप येईपर्यंत काय करू, मले सुचेना. मंग तुह्यं पत्र आठोलं, मामाजी बोंबलून वाचत ना ते. विहिरीवर धुन्याचा साबण पडेल होता. मी त्यायच्या अंगावरचं सारं काढलं अन् साबण लावू लावू धुवाले लागली. महादेवराव म्हणे, ‘अवं, माणूस मरून राह्यला अन् तू आंघोळ घालते काय?’

मी म्हटलं, ‘जीप आली का सांगजा. तोवर मले धुवू द्या.’

डोक्याच्या केसापासून नखापर्यंत धुतलं. जीप आली तसं विहिरीवर वाळत असलेलं माह्यं लुगडं त्यायले गुंडायलं अन् अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डागदरनं इंजेक्शनावर इंजेक्शन दिले. मंग विचारलं, कोणं धुतलं याले? मले वाटलं चुकलं आपलं. तरी म्हटलं, मी. तो डागदर म्हणे, ‘फार चांगलं केलं. कातडीवरचं विष आत जायचं थांबलं, नाही तर आमच्या हातात काही राहिलं नसतं.’

आता घरी हायेत. हातापायाले मुंग्या येतात, चालतात हळूहळू. सारे म्हणतात जमुनेनं वाचवलं. मी कोणाकोणाले सांगू? मले तर साबणाचं काही मालूम नव्हतं. म्हणून तुले लिवून राह्यली.

गावात टीव्हीवाल्यायची गाडी येते आजकाल. कोणाच्या घरी कोण इष खाऊन गेलं ते विचारते अन् जाते. आमच्याकडं माणूस वाचला, तर आमाले कोण विचारीन? तुलेच सांगतलं.

मामाजीले म्हणू नको मी लिवलं म्हणून.

तुही वहिनी,
जमुना


अमरावती
२५ ऑक्टोबर २००७

आदरणीय काका,

ईदला आले तेव्हा तुमच्यासमोर पाटी घेऊन बसले आणि एक अक्षर लिहिता आलं नाही. तुम्ही शीरखुर्म्याची वाटी संपवलीत आणि म्हणालात, ‘काही नको लिवू. खाऊन घे.’ जे तेव्हा राहिलं ते आता लिहिते.

तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून मला विचारत होता आणि मी उत्तरात मजेच्या गोष्टी लिहिल्या. याहून मोठी भीती एका गोष्टीची आहे. माझं उत्तर वाचून तुम्ही आशा धरली असेल. म्हणून स्पष्ट सांगते. विष बांगडीत बसतं ते काचेच्या भांड्यात, शुद्ध पाण्यात. माणसाच्या रक्तात हजार गोष्टी असतात, तिथे ती बांगडी काय करील ते मला ठाऊक नाही. गोपालभाऊंना वाचवलं ते त्या डॉक्टरांनी आणि वहिनींनी. माझ्या संशोधनानं काही केलेलं नाही.

गोपालभाऊ काठी घेऊन आमच्या दारापर्यंत चालत आले आणि अम्मीला म्हणाले, ‘चाची, ईद मुबारक. अंगाले अजून साबणाचाच वास येते.’ सगळे हसले. मी आत जाऊन रडले. त्यांची कपाशीची बोंडं वहिनी आणि अब्बा मिळून वेचतात हेही मला तिथेच कळलं. असं सगळं पाहिल्यावर मला घरी बसवेना. रिश्त्याचं कुणी काढलं नाही, अब्बांनीही नाही. मी बॅग भरली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, ‘डबा हुआ?’

आल्या आल्या मॅडमकडे गेले. म्हटलं, ‘मॅडम, मागच्या खेपेचं, औषध न घातलेलं नुसत्या बांगड्यांचं गढूळ द्रावण मी फेकलेलं नाही. फेकण्याआधी एकदा तापवून बघते.’

‘तापवून काय होणार?’

‘जंतू असतील तर गढूळच राहील.’

त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. द्रावण कोमट झालं, मग गरम झालं, आणि आमच्या डोळ्यांदेखत नितळ झालं. थंड व्हायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गढूळ. पुन्हा तापवलं, पुन्हा नितळ. मेलेले जंतू असे जाऊन येत नाहीत, काका. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पातळ चौकोनी पापुद्रे दिसले, एकाच्या कडा दुसऱ्यासारख्या सरळ. घाण अशी नसते.

मॅडम बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, ‘भांडी घासणं बंद. उद्यापासून हेच तुझं काम.’

बांगड्या आपणहून काहीतरी रचत आहेत. नेमकं काय, ते मला बघायचं आहे. आता मी परत येणार नाही, म्हणजे घरी.

तुमची,
अमरीन


बार्शीटाकळी
१२ नोव्हेंबर २००७

बेटा अमरीन,

आशीर्वाद. जमुनेनंच लिवलं असन तुले, मले समजलं. काही म्हटलं नाही मी तिले. तिले या घरात आता कोण काय म्हणीन?

मी आशा धरून नव्हतो विचारलं. गोपाल खाटेवर, नाकात नळी, अन् मले काही आयकू येईना. डागदर काय म्हणून राह्यला, नर्स काय सांगून राह्यली, सारे तोंडं हालोत. जमुना मले हातानं सांगे, पण ते घाबरेल होती, अर्धंच सांगून डागदरच्या मांगं धावे. मले वाटलं, आपल्याले समजन असं कोणी बोलाले पायजे. तू पत्रात बोलते ते मले पुरं आयकू येते. म्हणून लिवलं. इषाचंच ध्यानात होतं, म्हणून इषाचं विचारलं. बांगडीत इष बसते असं तू लिवलं, ते मी घरी आल्यावर वाचलं. तवा गोपाल दारात बसून मुरमुरे खाऊन राह्यलता. तुह्या पत्रानं मले बरंच वाटलं, दुसरं काही नाही.

आता तुले एक सांगतो. तुहा बाप सांगणार नाही.

गोपाल दवाखान्यात होता तितके दिवस रहीमभाई तिथीच होता. दुकान बंद. रोज्याचे दिवस. मी म्हटलं जाय घरी, तर माह्याकडं पाठ करून बसे, म्हणजे मले त्याच्या तोंडाकडं पाहून समजूच नये. सांजच्याले मी फाटकापासून केळी आणो अन् खजूर आणो, तो नळावर तोंड धुवून येये अन् आंधी एक केळं माह्या हातात देये. मी म्हणो, बापा, मले कुठी रोजा हाये? तो हाताने म्हणे, खा. मी दिवसभर काही खाल्लं नाही, ते त्याले मालूम होतं.

एक दिवस ते शेगाववाले तिथीच आले, स्थळाचं विचाराले. मले वाटलं गोपालले भेटाले आले. काय बोलणं झालं ते मले काय समजते? गोपालनं खाटेवरून आयकलं अन् मंग सांगतलं. रहीमभाई म्हणे, ‘बच्ची पढ रही है. पढने दो उसको.’ ते म्हणे, कधीपर्यंत? तर म्हणे, ‘जब तक उसका दिल करे.’ अन् त्यायले चहा सांगतला.

तू भांडे घासून घासून रडत होती तवा इकडं हे झालतं. तुले मालूम असावं म्हणून लिवलं.

ते पापुद्रे काय हायेत ते समजलं का मले सांगजो.

खुशालराव


अमरावती
१८ डिसेंबर २००८

आदरणीय काका,

अब्बांचं तुम्ही लिहिलं ते पत्र मी वर्षभर उशाशी ठेवलं. त्यांना अजून काही बोलले नाही. फोनवर ते ‘तबीयत?’ विचारतात, मी ‘अच्छी’ म्हणते, आणि दोघंही थोडा वेळ फोन ठेवत नाही.

पापुद्रे समजले. नागपूरला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुने ठेवले, त्याची छायाचित्रं काल आली. केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढ्या बारीक गोष्टी त्यात दिसतात. आमचा अंदाज असा आहे की, बांगड्या आधी एकीवर एक चढून नळी होतात. नळ्या शेजारी शेजारी लागून पापुद्रा होतो आणि पापुद्रे वाढत वाढत एवढे होतात की पाणी गढूळ दिसतं. औषध पोटात असलं तर पापुद्रे होतच नाहीत, लांब काड्या होतात. पोटात कोण बसलंय त्यावर बाहेरचा आकार ठरतो. बांगड्यांना कुणी रचत नाही, काका. पाणी, गारवा आणि वेळ, एवढंच लागतं.

अशा काडीतून औषध सावकाश सुटतं, असं पहिल्या चाचण्यांत दिसतंय. त्याचा मुलांना उपयोग होईल का, हे ठरायला माझ्यानंतरची माणसं लागतील. पण ज्याला आम्ही घाण समजून फेकत होतो, तोच आता माझा प्रबंध आहे. मॅडमनी मोठं छायाचित्र भिंतीवर लावलं आणि आल्यागेल्याला दाखवतात, ‘हे आमच्या अमरीनचं.’

वहिनींना सांगा, धारणीच्या माझ्या मैत्रिणीनं त्यांची साबणाची गोष्ट तिच्या गावच्या बायकांना सांगितली. तिकडे आता फवारणीला जाताना साबणाची वडी सोबत नेतात.

तुमची,
अमरीन


अमरावती
१४ जानेवारी २०१०

आदरणीय काका,

माझी तोंडी परीक्षा सहा फेब्रुवारीला आहे. ती सगळ्यांना खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. अब्बा म्हणतात, ‘अंग्रेजी में होगा, मैं क्या करूँगा.’ तुम्ही म्हणाल, मले आयकू येत नाही. दोघांनाही सांगते, मला तुम्ही दोघं मागच्या बाकावर हवे आहात. गोपालभाऊंनी आणावं, त्यांना वेळ नसेल तर वहिनींनी.

तुमची,
अमरीन


बार्शीटाकळी
९ फेब्रुवारी २०१०

डागदर अमरीन,

आशीर्वाद. असं लिवून पाह्यलं. चांगलं दिसते.

तू लोकायच्या गर्दीत होती, मले तुह्याशी नीट बोलता आलं नाही. अन् तू आता तिथीच नोकरीचं पाहशील, म्हणून पत्र टाकतो. तिथी मी काय पाह्यलं ते तुले सांगाचं हाये, कारण तू तर पुढं तोंड करून उभी होती, तुले मांगचं काही दिसलं नाही.

रहीमभाईनं निकाहात घालाची शेरवानी घातलती. त्या जाड कपड्यानं घामाघूम झाला, पण वरची गुंडी सोडली नाही. आमी मांगच्या बाकावर बसलो, मी, तो, अन् मधात गोपाल डबा घेऊन. गोपालच्या बोटायले अजून मुंग्या येतात, डबा दोन्ही हातानं पकडून बसला. पण बसला बापा माह्या बाजूले. मी मधामधात त्याच्याकडंच पाहो.

तू बोलाले लागली. भिंतीवर तुह्या काड्या दिसल्या, पापुद्रे दिसले. मले आवाज नाही, रहीमभाईले इंग्रजी नाही. मी तोंडं पाहून राह्यलो. समोर ते बाहेरून आलेले परीक्षक होते, पिकलेल्या भिवयाचे. पयले ते कागदच पाहोत. मंग त्यायनं कागद ठेवला अन् तुह्याकडं पाह्यलं. मी गोपालले कोपर मारलं. मंग त्यायनं काही तरी विचारलं अन् तू भिंतीकडं पाहाले लागली. तुह्या मॅडमनं पदराचं टोक बोटाले गुंडायलं. रहीमभाईचे ओठ हालत होते, तो दुवा मांगून राह्यलता. तू भिंतीवरच्या चित्राजवळ गेली, एका काडीवर बोट ठेवलं, अन् बोलाले लागली. घाईनं नाही, दमानं. मॅडमनं पदर सोडला. तवा मले समजलं, झालं काम.

मंग सारे उठले, टाळ्या वाजून राह्यल्या. रहीमभाईले समजेना वाजवाच्या का नाही. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मी वाजवल्या, मंग त्यानं वाजवल्या.

पुढचं तुले बिलकूल मालूम नसन. तू मॅडमच्या पाया पडून राह्यलती तवा ते परीक्षक मांगं आमच्याकडं आले. हासत हासत आमाले काही विचारलं. मले वाटलं विचारत असतीन, हे शेरवानीवाले कोण? म्हणून मी रहीमभाईकडं हात केला. त्याच वक्ताले रहीमभाईनं माह्याकडं हात केला. साहेब आमच्या दोघायकडं पाहत राह्यले. मंग त्यायनं दोघायचेही हात हातात घेतले अन् गेले.

साहेबानं काय विचारलं ते मले गोपालनं अकोल्याच्या बसमध्ये सांगतलं. साहेब मराठीतच म्हणत होते, ‘मुलीचे वडील कोणते?’

मी रहीमभाईकडं पाह्यलं. तो खिडकीतून मूर्तिजापूरकडचे वावरं पाहून राह्यलता. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. त्यानं शेरवानीची वरची गुंडी सोडली, डबा उघडला, अन् आंधी माह्या हातात पोळी दिली.

खुशालराव